मोडाच्या नाचणीची पेज

युद्धाच्या वर्षांत साताऱ्याच्या बाजारात आजाऱ्यांसाठीची डबाबंद पूड मिळेनाशी झाली, तेव्हा मी पुरवठा अधिकाऱ्यांकडे इतके तक्रारअर्ज धाडले की पोस्टातला कारकून मला पाहताच सुस्कारा टाकू लागला. पत्नी विषमज्वरातून नुकतीच उठली होती. पातळ पेज तिच्या घशाखाली उतरे, पण तीत पाणीच अधिक. घट्ट केली, तर दुसऱ्या चमच्याला ती तोंड फिरवी. ती रोज खंगत होती आणि या अन्यायाविरुद्ध दाद मागण्याजोगे कलम मला कोणत्याही कायद्यात सापडत नव्हते. मी फार थकलो होतो.

धाकटा भाऊ सांगलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवी. तो भेटीस आला, तो मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ घेऊनच.

"दादा, घट्ट पेज कोमट झाली की हे चमचाभर घाला. पातळ होईल, पण अन्न तेवढंच राहील."

तो आंघोळीला गेला. उष्णतेने प्रत्येक काम लवकर होते, मग कोमट होण्याची वाट का पाहावी, असा युक्तिवाद करून मी पीठ रटरटत्या पेजेतच टाकले. पेज खळीसारखी घट्टच राहिली. तो बाहेर येताच मी कडाडलो, "ही शुद्ध फसवणूक आहे!"

"पेज उकळत होती का?"

"अर्थात!"

"मग साक्षीआधीच साक्षीदार मारलात, दादा."

पलंगावरून पत्नी क्षीण आवाजात म्हणाली, "भावोजी, आता तुमच्याविरुद्धही अर्ज जाणार."

भावाने नवी पेज शिजवली आणि ती निवेपर्यंत मला समजावले. नाचणीतले पिष्ट म्हणजे साखरेच्या दुव्यांची लांबच लांब साखळी. नुसत्या पाण्यात ती तुटायला अतोनात काळ लागेल. मोडात तयार होणारे एन्झाइम तिला आपल्या खाचेत नेमके बसवते. मग दुवा तोडायला फार थोडी ऊर्जा पुरते. एक तुटला की ते जसेच्या तसे मोकळे होऊन पुढचा धरते. उकळीने मात्र ती खाचच विसकटते.

"म्हणजे निकाल तोच राहतो?" मी विचारले.

"तोच. तारखा तेवढ्या वाचतात."

बोट क्षणभर टेकवता येईल इतकी पेज निवल्यावर त्याने पीठ घातले. मी ढवळू लागलो. आधी पळी जड चालत होती. मग हळूहळू तिला अडवणारे काही उरले नाही. पेज पळीवरून ओघळू लागली. काम झाल्यावर भावाने तिला एक उकळी दिली.

पत्नीने वाटी तोंडाला लावली. मी तिच्या घशाकडे पाहत राहिलो. तिने वाटी रिकामी केली, पदराने ओठ टिपले आणि म्हणाली, "अहो, आणखी आहे का?"

नव्हती. पाय भरून आले होते, तरी मी उठलो आणि शेगडीत पुन्हा कोळसे घातले.