आब्लो, आब्लास आणि मधली रेघ

परभणीत मी स्पॅनिशचा क्लास काढला, तेव्हा घरमालकांनी एकच प्रश्न विचारला, "सरकारी नोकरीला चालतंय का हे?"

विद्यार्थी चार. त्यातले एक निवृत्त तलाठी काका. मुलानं स्पेनचीच बायको केल्यामुळे विहीणबाईंशी दोन शब्द बोलता यावेत, एवढीच त्यांची इच्छा. आणि एक पिंगळीहून रेल्वेनं येणारी मुलगी. पुण्याच्या एका कंपनीला स्पॅनिश बोलणारी माणसं हवी होती. तोंडी परीक्षेत निवड झाली तर पुणे, नाहीतर गुमान बी.एड., असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. बी.एड.चा फॉर्मही आणून ठेवला होता.

स्पॅनिशमध्ये क्रियापद माणसागणिक रूप बदलतं. मी बोलतो म्हणजे आब्लो, तू बोलतोस म्हणजे आब्लास, अशी एकूण सहा. पाठ करा म्हटलं की चौघंही पंख्याकडे बघत बसायचे आणि माझं डोकं सटकायचं. एक दिवस वैतागून मी फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि म्हटलं, चला, कबड्डी! 'कबड्डी कबड्डी'च्या जागी सहा रूपं म्हणत, एका दमात जाऊन परत यायचं. चुकलं की बाद.

पिंगळीची पोरगी शाळेच्या संघातून चढाईला जायची, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं ओढणी कमरेला खोचली, मांडीवर थाप मारली आणि 'आब्लो आब्लास आब्ला' करत घुसली, ती काकांना शिवूनच परत आली. काका पकडीला भलतेच तयार निघाले. "जातीस कुठं, जातीस कुठं!" म्हणत खुर्ची आडवी लावायचे. खालचे झेरॉक्सवाले एकदा धडधडाटाची तक्रार करायला वर आले आणि पंच होऊन बसले. महिनाभरात सगळ्यांच्या तोंडी रूपं बसली. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

परीक्षेला आठवडा उरला, तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवून एक साधा प्रश्न विचारला.

"म्याडम, बसल्या बसल्या एक बी शब्द येत न्हाई. पाय हलले की येतंय."

मी आधी तिच्यावर चिडले, मग घाबरले. दोष सगळा माझाच होता. आठवडाभर तिला खुर्चीत दाबून बसवलं, तर तिला फक्त घाम फुटायचा.

परीक्षा क्लासमध्येच होती, लॅपटॉपवर. पलीकडे कंपनीच्या चष्मेवाल्या बाई, अलीकडे ती, आणि मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटलेली. बाईंनी विचारलं, सकाळी उठून काय करतेस? पोरगी खुर्चीची कड धरून बसली. माझ्या डोळ्यांपुढे बी.एड.चा फॉर्म भरला जायला लागला. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग ती उठली. ओढणी खोचली, थाप मारली आणि थेट लॅपटॉपवर चढाई केली. उठते, चहा पिते, रेल्वे धरते, सगळं धडाधड स्पॅनिशमध्ये. टेबलाला हात लावून भिंतीपर्यंत परत. पुढचा प्रश्न, पुढची चढाई. बाईंना कधी ती अख्खी दिसत असेल, कधी नुसतं नाक. दाराबाहेरून काका ओरडले, "दम सोडू नको, माय!"

शेवटी बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या. मग चक्क मराठीत म्हणाल्या, "अगं, काम फोनवरचं आहे. पाय कुणाला दिसतात?"

ती पुण्याला गेली त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. वर्गात तिच्यासारखं चढाईला कुणी उरलं नव्हतं. परवा तिचा फोन आला.

"म्याडम, बिनवायरचा हेडफोन देलाय मला. बाजूच्या पोरी इचारायल्या, तू बोलताना चालतीस कशाला?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हनलं, स्पॅनिश असंच बोलतेत. आता पोरींची लाइनच्या लाइन चालायलीय."