शेवटची गाठ

समजा, पाच अश्वशक्तीची जळालेली मोटार तुमच्यासमोर उघडून ठेवली आहे. जुनी तार उपटायची, खाचा खरवडायच्या, कागद घालून नवी तांब्याची तार भरायची, वर आलेले वेढे सुती दोऱ्याने आवळायचे. बोटं सोलवटतात. आता दोऱ्याची शेवटची गाठ तेवढी उरली. ती कोणाला बांधू द्याल?

चिमूरचे हरिदास ती मोटारीच्या मालकालाच बांधायला लावत. माजरीच्या खाणीतल्या वर्कशॉपात ते वायंडिंग शिकले, नोकरी सोडली आणि बौद्ध वस्तीच्या तोंडाशी टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात ते गेले.

आयटीआय केलेल्या त्यांच्या मुलीने, सत्यशीलेने, दुकानाचं कुलूप काढलं. चौकात लोक हसले. आई हत्यारं विकायचं म्हणू लागली.

"हा हंगाम तं पाहू दे," सत्यशीला म्हणाली.

जुन्या सवयीने पहिली मोटार गुणवंतरावांनी आणून टाकली. धान पोटरीत आलं होतं, पाणी हवं होतं. तिने मोटार झटून भरली. गाठीसाठी मालकाला बोलावणं तिला पटेना; आयटीआयत असलं काही शिकवत नाहीत. गाठ तिने स्वतःच मारली.

गुणवंतराव आले, वाकून पाहू लागले.

"गाठ कोनं बांधली?"

"मीच."

"मंग मले नाई पायजे. चंद्रपूरले नेतो."

"भाऊ, वार्निश सुकलं का चालवून दाखोते."

"चालन बी. पन माही नाई ना ते. तुहा बाप माह्या हातानं बांधून घे. मोटार बिघडली तं मी घरी जाऊन सोतालेच शिव्या देत होतो."

मोटार बाहेर गेली, की दुकानही गेलं. सत्यशीलेने ब्लेड घेतलं. सगळा दोरा कापून काढला, पुन्हा पहिल्यापासून आवळला आणि टोकं त्यांच्या हातात दिली.

"बांधा."

"बोट ठेव न पोरी, बापावानी. सुटन."

तिने गाठीवर बोट दाबलं. त्यांनी त्यावरून दोरा ओढला. या माणसाने हरिदासांच्या दुकानातल्या माठातलं पाणी आजवर घेतलं नव्हतं.

"बाबा काऊन बांधून घेत, भाऊ?"

"मले काय मालूम? बापाले इचाराचं होतं."

मोटार चालली. मागोमाग मुखरूची आली, मग लटारूची. हत्यारं विकायची गोष्ट आईने पुन्हा काढली नाही. आता दुकानात कोणीही आलं, तरी शेवटच्या गाठीला सत्यशीला बोट ठेवते, आणि दर वेळी तोच विचार येतो: बाबांना मोटारीची जबाबदारी वाटून घ्यायची होती, की नुसतं बोटाला बोट लागायला हवं होतं?