आईचा रहिवास

माझा जन्म तामिळनाडूतल्या एका बाजारगावात झाला. आमच्या माण तालुक्यातली आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. वडील पंधराव्या वर्षी एका पाहुण्याबरोबर तिकडे गेले आणि भट्टीवर काम शिकून तिथलेच झाले. मी दहावीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकले. घरात गावाकडची भाषा, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. तिथली माणसं आम्हाला ‘सेटू’, म्हणजे उत्तरेकडचे शेठ, म्हणायची. पुढे दहिवडीत अकरावीला आले, तर वर्गातल्या मुली मला ‘मद्रासी’ म्हणायला लागल्या. दोन्हीचं मला फारसं काही वाटलं नाही. मला अवघडल्यासारखं व्हायचं ते घरी, आईसमोर.

मी तीन वर्षांची असताना गावाकडे आजोबांना अर्धांगवायू झाला. आजी आधीच गेलेली. कुणीतरी जायलाच हवं होतं. आई गेली. मी वडिलांजवळ राहिले, कारण बालवाडीत नाव घातलं होतं आणि चुलती त्याच घरात होती. दोनचार महिन्यांची गोष्ट आहे, असं ठरलं होतं. आजोबा अंथरुणावर नऊ वर्षं जगले. तोवर जमीन, एक गाय, एक म्हैस आणि पाचसहा शेळ्या आईच्या अंगावर पडल्या होत्या. ती परत आलीच नाही. मे महिन्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे यायची. येताना फ्रॉक शिवून आणायची. माप मागच्या मे महिन्याचं असायचं, त्यामुळे तो दंडात घट्ट व्हायचा.

दहावीनंतर वडिलांनी मला गावी पाठवलं. पुढची दोन वर्षं मी आणि आई एका घरात राहिलो, पण दूरच्या पाहुण्यांसारख्या. ती माझं ताट वाढून ठेवायची, मी जेवून भांडं घासून ठेवायची.

बारावीनंतर सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला. राज्यातल्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सरकारी सवलत होती. कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी माझे कागद चाळले आणि म्हणाल्या, “यात डोमिसाईल नाही.”

“ते काय असतं?”

“अधिवासाचा दाखला. तू महाराष्ट्राची रहिवासी आहेस याचा. महिन्याभरात आण, नाहीतर सवलतीच्या यादीतून नाव जाईल.”

सवलतीशिवाय शिकणं अवघड होतं. तिकडे मोठ्या यंत्रांच्या रिफायनऱ्या झाल्या होत्या आणि वडिलांच्या भट्टीवर पूर्वीसारखं काम उरलं नव्हतं.

मी दहिवडीच्या सेतू केंद्रात गेले. संगणकावर बसलेल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “जन्म कुठला?”

“तामिळनाडू.”

“शाळा?”

“दहावीपर्यंत तिकडेच.”

“इथं किती वर्षं झाली?”

“दोन.”

त्याने हात थांबवला. “मग तू इथली कशी?” त्याचा आवाज वाईट नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

तरीही मी अर्ज भरला. आठ दिवसांत तो परत आला. शेरा होता : पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध होत नाही. मी तहसील कचेरीत जाऊन नायब तहसीलदार बाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुझा दाखला निघणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या प्रवेशाच्या नियमात आई किंवा वडिलांचा चालतो. वडील इथे असतात?”

“नाही. त्यांचं रेशनकार्ड, मतदान, सगळं तिकडे आहे.”

“आणि आई?”

“आई इथेच असते. मी तीन वर्षांची होते तेव्हापासून,” मी म्हणाले. म्हणताना जरा रागानेच म्हणाले असेन, कारण बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“मग आईचे कागद आण. गेल्या पंधरा वर्षांचे, प्रत्येक वर्षाचा काहीतरी पुरावा.”

संध्याकाळी मामा आला. आईचा हा भाऊ शेजारच्याच वाडीत राहतो. सगळं ऐकून तो म्हणाला, “कशाला एवढा कुटाणा? पोलीस पाटील आपल्यातलाच हाय. पोरगी जन्मापास्नं हितंच हाय म्हनून लिवून दील. कोन बगायला येतंय?”

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “खोटं कशाला लिवायचं? ती न्हवती हितं. मी व्हते.”

मामाने पाट ओढला आणि तो जेवायला बसला.

जेवणं झाल्यावर आईने पत्र्याची पेटी ओढली. ती चौथी शिकलेली, पण कागद कधी फेकत नाही. मी जमिनीवर वही उघडून वर्षांचे पंधरा रकाने आखले आणि एकेक कागद लावत गेले. मतदार यादीतलं नाव. बचत गटाचं पासबुक. आजोबांच्या औषधाची मिरजेची चिठ्ठी, त्यावर सोबतच्या नातेवाइकाच्या जागी आईचं नाव. रोजगार हमीचं जॉबकार्ड, जनावरांच्या लसीकरणाची पावती. प्रत्येक कागदावर वर्ष बघितलं की मला आपोआप आठवायचं, त्या वर्षी मी कितवीत होते, माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला कोण आलं होतं, ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं. वही आईच्या राहण्याची होती, पण मला त्यात तिचं नसणंच दिसत होतं.

चौदा रकाने भरले. एक रिकामा राहिला. ते मी तिसरीत असतानाचं वर्ष होतं.

“या साली काय केलंस तू?” मी विचारलं.

“दुष्काळ न्हवता का. छावनीत व्हते.”

तिने पेटीच्या तळातून एक मळकं कार्ड काढलं. चारा छावणीचं कार्ड. जनावरं दोन, पालकाच्या जागी आईचं नाव आणि महिन्यांपुढे शिक्के. जानेवारीपासून जूनपर्यंत.

ते वर्ष मला चांगलं लक्षात होतं. त्या मे महिन्यात आई आली नव्हती. “जनावरं हायत, तिला जमत न्हाई,” असं वडील म्हणाले होते. तिला माझ्यापेक्षा म्हैस जवळची आहे, असा मी अर्थ लावला आणि दिवाळीपर्यंत तिच्याशी फोनवर बोलले नव्हते.

“सहा महिने तिथंच राहिलीस?”

“ऱ्हायला लागायचं. रातीला जनावरांपाशी नसलं की नाव कापायचे. सकाळी धार काढायची, चार किलोमीटर चालत घरी यायचं, म्हाताऱ्याचं आंग पुसायचं, जेवान करून ठेवायचं, परत जायचं. टँकर यायचा तवा रांगंत उबं ऱ्हायचं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू लय लहान व्हतीस. तुला काय सांगायचं?” पेटीचं झाकण लावत ती म्हणाली, “फोनवर येत न्हवतीस तू. चुलती म्हनायची, खेळायला गेलीया. मला कळायचं.”

मी वहीत छावणी असं लिहिलं. अक्षर नीट येईना म्हणून पुन्हा गिरवलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी कचेरीत गेलो. नायब तहसीलदार बाईंनी कागद एकापाठोपाठ एक पाहिले. छावणीच्या कार्डावर त्या थांबल्या. “हा पुरावा मी पहिल्यांदाच बघते,” त्या म्हणाल्या आणि कार्ड उलटसुलट करून शिक्के पाहिले. मग आईला विचारलं, “मावशी, या पंधरा वर्षांत तालुका सोडून कुठे गेला होतात?”

“मे महिन्यात लेकीकडं जायची मी, पंदरा दिवस. त्या साली तेबी न्हाई.”

“तेवढं चालतं,” बाई म्हणाल्या. त्यांनी चौकशीसाठी तलाठ्याकडे कागद पाठवून दिले.

दाखला पंधरवड्यात मिळाला. आईने तो दोन्ही हातांत धरून बोट फिरवत वाचला. “माजंच नाव हाय यावर. तुजं कुटं हाय?”

“तुझ्याच नावावर मला सवलत मिळणार आहे.”

“आसं व्हय,” ती म्हणाली आणि दाखला पिशवीत घालायच्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळला.

कॉलेजने तो घेतला, सवलतीच्या यादीत नाव आलं आणि मी सांगलीच्या वसतिगृहात राहायला गेले. आम्हा दोघींमध्ये एकदम काही बदललं असं नाही. भरभरून बोलायची सवय आम्हाला दोघींनाही नव्हती. पण आठवड्यातून दोनदा मीच फोन करायला लागले आणि त्या रकान्यांतलं एकेक वर्ष विचारायला लागले. आई सांगायची. कधी आजोबांचं, कधी शेळीचं, कधी एकटीने विहिरीवर मोटार बसवून घेतल्याचं. मधेच म्हणायची, “तुजं सांग की आता.” मग मी माझी तीच वर्षं तिला सांगायची.

पहिल्या सुट्टीत वडिलांनी विचारलं, तिकडे येतेस का, तिकीट काढतो. मी नको म्हणाले. सकाळची विट्याची एसटी पकडली, पुढे गाडी बदलून दुपारी गावात उतरले. दाराला कडी होती. आई शेळ्या घेऊन माळावर गेली होती. मी आत जाऊन पिशवी ठेवली, चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं, आणि तिची वाट बघत उंबऱ्यावर बसले.