निळ्या कागदावर आईचा हात

गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नकाशे छापायचो. मसाला लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवायचं, वर काच, आणि उन्हात. मग पाण्यात धुतलं की कागद निळा, रेघा पांढऱ्या. आई त्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात. तुटलेल्या सुताला गाठ मारून जोडण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. डिलाईल रोडच्या भिंतीभिंतीवर मुंबई कोणाची ते रंगवलेलं. अशात आईच्या खात्याचा नवा नकाशा माझ्याच हाती आला. बायकांच्या जागी नवी यंत्रं.

"बायका कुठं बसणार, साहेब?"

"नकाशात माणसं दाखवत नाहीत," साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. दाखवत नाहीत काय? दाखवतोच!

रविवारी मसाल्याच्या कागदाचे उरलेले कोरे तुकडे घेऊन चाळीच्या गच्चीवर गेलो. आई आणि तिच्या खात्यातल्या तिघीजणी आल्या. प्रत्येकीने भर उन्हात कागदावर हात ठेवायचा, अजिबात हलवायचा नाही. धुऊन बघतो तर चौघींचे तळवे पांढरेशुभ्र आणि बोटं पुसट, फिसकटलेली. मी आईवर ओरडलो, "हलू नको म्हटलं होतं ना!"

"मी खंय हललंय?" आई चिडली.

खरंच तिला पत्ता नव्हता. आताही बोलता बोलता तिचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, नसलेल्या सुताला गाठ मारत. चौघींचंही तेच. कागद फाडायला निघालो होतो, तो थांबलो. मला हात हवा होता, कागदाने काम टिपलं होतं. असा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

सोमवारी मंजुरीसाठी नकाशा वायंडिंग खात्यातच लावला होता. त्यावर त्या चौघी बसायच्या तिथं मी ते हात टाचले. मालकांची माणसं यायची होती. त्याआधी साहेब आले.

"हे बिघडलेले कागद काढ."

"बिघडलेले नाहीत. नाही काढत."

"मग उद्यापासून येऊ नकोस." नि ते आईकडे वळले. "तू काढ. मुलाला समजाव, नाहीतर तुझीही जागा जाईल."

अख्खं खातं बघत होतं. आई उठली, नकाशापुढे गेली आणि साहेबांकडे तोंड करून उभी राहिली.

"जागा तर तुम्ही नकाशातनं कधीच काढलीत, साहेब. आता हात काढायला मलाच सांगताय?"

बाकीच्या तिघी उठून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.