उशिरा आलेली डबी

शहराच्या सदर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसते आहे. माझी जीभ तिखट आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही. रक्त, लघवी, थुंकी कशाचंच मला काही वाटत नाही. वीर्यतपासणीची चिठ्ठी आली की मात्र आधीच डोकं तापतं, कारण डबी घेऊन बहुतेक वेळा बायकोच आलेली असते. नवऱ्याला लाज वाटते. आम्ही सांगतो, डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात आणा. मग ती बिचारी ब्लाउजमध्ये डबी खोचून, वरून पदर लपेटून, एसटीत उभ्याने येते.

तशीच एक पोरगी दूर खाप्याहून आली होती. पंचविशीची असेल, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. मी घड्याळ पाहिलं. दीड तास होऊन गेला होता.

"एवढ्या उशिरा आणून काय फायदा वं? मेलं असेल सगळं," असं म्हणून मी डबी न उघडताच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि चिठ्ठीवर 'उशीर, पुन्हा आणा' असं लिहिलं. मागे रांग होती, मी पुढची चिठ्ठी घेतली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. याही वेळी सव्वा तास झाला होता. मी तोंड उघडायच्या आधीच ती रडायला लागली.

"मॅडम, फेकू नका. घरी म्हणून राहिले का हिले साधी डबी बी नेता येत नाही, थंड करून टाकली हिनं. सासू म्हणते, आता काही झालं नाही तं तुले माहेरी पोचवून देतो."

तिच्या हातात तिची फाईल होती. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, सगळं झालेलं आणि सगळं चांगलं. उरली होती फक्त नवऱ्याची एक तपासणी आणि ती मी कचऱ्यात टाकली होती. मला माझीच लाज वाटली.

डबी ठेवून घेतली. थेंब काचेवर घेऊन पाहिला, काहीच नाही. नमुना मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेलं पाहिलं, तिथेही काही नाही. एकोणीस वर्षांत एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली आहे. उशीर झाला की शुक्राणू मरतात, पण मेलेलेही दिसतात. ते नाहीसे होत नाहीत. इथे मेलेलासुद्धा एक नव्हता. एसटीचा, थंडीचा आणि या पोरीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

"नवरा कुठे आहे?"

"खाली, चायच्या टपरीवर. वर याले लाजतात."

मी त्याला वर बोलावलं. टी-शर्टच्या बाह्या दंडांवर ताणलेल्या. सगळ्यांना विचारते तेच विचारलं, ताप, गालगुंड, ऑपरेशन, काही औषध?

"औषध कायचं? जिममध्ये इंजेक्शन घेतो तेवढं. ताकदीचं हाय ते, मर्दानी हार्मोनचं." हे त्याने छाती पुढे काढून सांगितलं. लग्नाच्या आधीपासून तो ते घेत होता.

निदान सांगणं माझं काम नाही. रिपोर्टवर ही माहिती लिहून मी दोघांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी तो एकटाच परत आला, डॉक्टरांचं बोलणं नीट कळलं नाही म्हणाला. मी सांगितलं, अंडकोषांना कामाचा हुकूम मेंदूकडून जातो. हार्मोन बाहेरून येत राहिलं की मेंदूला वाटतं, आता भरपूर आहे, आणि तो हुकूम देणं थांबवतो. रोज बाहेरून डबा आला तर घरची चूल कोण पेटवणार?

"म्हणजे ज्यानं मर्द होतो म्हणत होते, त्यानंच..." माझ्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं. मग तो म्हणाला, "शाळेत मले काडी म्हणत, मॅडम," आणि मी ते उत्तर गिळलं. तोही बिचाराच होता.

डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद करून औषधं दिली. शुक्राणू परत तयार व्हायला महिने लागतील, कदाचित होणारही नाहीत, असं स्पष्ट सांगितलं.

दहा महिन्यांनी, एका सकाळी मी खिडकीत उभी होते. खाली एक स्कूटी थांबली. तीच खाप्याची पोरगी चालवत होती आणि नवरा मागे बसला होता, डावा दंड अंगाशी घट्ट आवळून. जवळच मानकापूरला तिच्या मावसबहिणीकडे रात्री मुक्काम करून दोघं आले होते. वर आल्यावर त्याने काखेतून डबी काढून माझ्या हातात दिली. बावीस मिनिटं झाली होती.

थोड्या वेळाने मी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. फार नव्हते, पण होते आणि पळत होते. माझेच डोळे भरून आले. नियम बाजूला ठेवून तिला आत बोलावलं आणि पाहायला लावलं. ती कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली.

मग हळूच म्हणाली, "म्हणजे तवा मी थंड होऊ देली नव्हती ना, मॅडम?"

दहा महिने तिच्या मनात हे होतं. डॉक्टरांचं बोलणं तिलाही नीट कळलं नव्हतं आणि नवऱ्याने ते ना तिला समजावलं होतं, ना घरी सांगितलं होतं. औषधं तिचीच चालू आहेत असं सासू समजत होती.

"नाही वं," मी म्हटलं. "आणि पहिली डबी तर मी उघडलीच नव्हती. चूक माझी होती."

"हे माह्या सासूले सांगान?" तिने विचारलं.

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. मी सासूला आधी माझी चूक सांगितली, पहिल्यापासून. मग फोन त्याच्यापुढे धरला. पुढचं त्याने सांगायचं होतं.