पुढची चाकं, मागची चाकं

कळमन्याजवळच्या धरमकाट्यावर मी ट्रकांची वजनं करायची. एका दुपारी चणाडाळीची पोती भरलेला ट्रक काट्यावर आला. ड्रायव्हर साठीकडे झुकलेला होता. खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, स्टेअरिंग लय हलकं लागून राहिलं. समोरच्या चाकाचं अलग वजन करून सांगा ना."

पूर्ण ट्रकचं वजन अठरा टन भरलं. त्यात काही गैर नव्हतं. मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली. चार टन; म्हणूनच स्टेअरिंग हलकं. म्हणजे उरलेले चौदा मागच्या एक्सलवर, आणि त्याला परवानगी साडेअकराची. वाटेत कांदा भरायचा म्हणून पुढची जागा रिकामी ठेवून सगळी पोती मागे रचली होती.

"पोती समोर घेतल्याशिवाय मी गाडी नेत नाही," ड्रायव्हरने माल भरून देणाऱ्या मुकादमाला फोनवर सांगितलं.

थोड्याच वेळात मुकादम मोटरसायकलवर आला. "तुले गाडी चालवाले ठेवलं का हिशेब कराले?" म्हणत त्याने ड्रायव्हरची कॉलर धरली आणि त्याचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. म्हातारा खाली बसला, तर त्याच्या बरगडीत लाथ.

मी धावले. किल्ली ट्रकलाच होती. तो गाडी तशीच नेईल म्हणून ती काढून मुठीत आवळली.

"किल्ली दे वं!"

"नाही देत."

त्याने माझं मनगट पिरगाळलं. आतून काहीतरी कट्कन वाजलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या हाताला काट्याच्या खोलीच्या दारातलं लोखंडी स्टूल लागलं. तेच उचलून मी त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला, शिव्या देत राहिला. मी पुन्हा स्टूल उगारलं. इतका राग माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. "मर मेल्या, मर!" असं मी ओरडत होते, हे नंतर लोकांनी सांगितलं. आवाज ऐकून आलेल्या हमालांनी मला मागे ओढलं नसतं, तर स्टूल त्याच्या डोक्यातच बसलं असतं.

पोलिसांनी मुकादमाला नेलं. हमालांनी पोती पुढे सरकवली. माझा हात सुजून आला होता, तरी पुन्हा वजन मीच केलं: पुढे पावणेसात, मागे सव्वाअकरा.

ड्रायव्हर दवाखान्यातून टाके घालून आला. "आता बरोबर हाय," आकडा पाहून म्हणाला, आणि माझ्या मनगटाकडे बघून, "तुमी पण जा ना ताई आता डॉक्टरकडे."

मी हसले, आणि मग मला रडू आवरेना.