शाळेच्या फळ्यावरचा पेपर

परदेशातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. तिसऱ्या वर्षी तिथे लढाई पेटली आणि एका दुपारी सैनिकांनी आम्हा चौदा परदेशी नर्सना बसमध्ये बसवून एका रिकाम्या शाळेत आणलं. तुमच्या सुरक्षिततेसाठी, असं त्यांचा अधिकारी म्हणाला. मग आमचे मोबाइल पिशवीत गोळा केले आणि फाटकाला कुलूप लावलं. नऊ आठवडे आम्ही तिथे होतो.

जेवण मिळायचं, गाद्या होत्या, कोणी अंगाला हात लावला नाही. त्रास होता तो काहीच न कळण्याचा. बाहेर धमाका झाला की कुठे झाला, कोणी केला, सांगणारं कोणी नव्हतं. एक म्हणायची विमानतळ गेला, दुसरी म्हणायची उद्या सोडणार. दोन्ही ऐकून रडारड व्हायची.

आमच्यात खामगावची एक ताई होती, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. मी तिथून जवळच्याच, नांदुरा तालुक्यातल्या वडनेरची, म्हणजे तिच्या लेखी घरचीच. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या पायाला जखम होती. ताई ती रोज धुऊन पट्टी बांधायची. आठवडाभरानं त्यानं आपणहून सेलवरचा रेडिओ काढला आणि दुपारी अर्धा तास तुमचा, असं खुणेनं सांगितलं. त्या वेळी इंग्रजी बातम्या लागत. खरखर इतकी, की एकीनंच कान लावून ऐकावं लागे.

“तू आयक अन् फळ्यावर लिही,” ताई मला म्हणाली. “तुह्यं अक्षर चांगलं हाये.”

वर्गातला फळा आमचा पेपर झाला. रेडिओवर ऐकलेलं पांढऱ्या खडूनं, पहारेकऱ्यांकडून कानावर आलेलं पिवळ्या खडूनं. खालची जागा सगळ्यांना मोकळी. आमच्यातली फिलिपिन्सची एक मुलगी रोज कोणाचं तरी चित्र काढायची. ताई नांदुरा स्टेशनच्या गाड्यांच्या वेळा लिहायची. ‘पॅसेंजर आज चाळीस मिनिटं लेट.’

“ताई, तुम्हाले कसं कळलं?”

“त्यात कळाचं काय? ते तं रोजच लेट राह्यते.”

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्याजणी एकदम हसल्या. पुढे चारच्या सुमारास, कोणी न बोलावता, खुर्च्या ओढून त्या फळ्यासमोर बसू लागल्या.

एके दिवशी रेडिओवर आमच्याच दवाखान्याचं नाव आलं. शेजारच्या रस्त्यावर बॉम्ब पडला होता, माणसं गेली होती. मी फळ्यावर नुसतं हवामान लिहिलं. माझा चेहरा बघून ताईनं मला बाजूला घेतलं.

“काय आयकलं तुनं?”

मी सांगितलं.

“मंग लिवलं काऊन नाही?”

“सगळ्या घाबरतील, ताई.”

“घाबरू दे. आज लपवलं तं उद्या तू खरं लिवशीन, ते कोणाले पटन?”

मी पांढरा खडू उचलला. त्या संध्याकाळी फार कोणी जेवलं नाही. पण आम्ही जवळ बसून वॉर्डातल्या एकेका माणसाची आठवण काढली, आणि कोणी नवी अफवा उठवली नाही. माझ्या मनावरचं ओझंही उतरलं.

नवव्या आठवड्यात परदेशी लोकांना सोडणार, अशी बातमी लागली. मी ती लिहिली आणि कोणी शंका घेतली नाही. सगळ्या सामान बांधायला गेल्या. तिसऱ्या दिवशी बस आली. आचारी फाटकापर्यंत आला. त्याचा पाय तोवर बरा झाला होता.

नांदुऱ्याला भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. वडनेरच्या घरी टीव्हीवर चादर टाकलेली दिसली.

“हे काय, माय?”

“ह्या टीव्हीनं तुले रोज नव्या जागी मारलं,” माय म्हणाली. “पंधरा दिवस पाह्यलं, मंग झाकून टाकला. तू बरी हायेस असं मीच ठरवलं.”

आता मी खामगावातच एका दवाखान्यात काम करते. ताई निवृत्त झाली, दोन गल्ल्या सोडून राहते. रविवारी मी तिच्याकडे जाते, ती पोहे करते. शाळेचा विषय कधीतरीच निघतो. तिच्या नातवाला नुकतीच चित्रकलेची गोडी लागली आहे, बाल्कनीत मिरच्या लागल्यात. त्यातच दुपार होते.